बदलून मिळालेली सीडी

"उघडलेली आहे ही, काका," असं म्हणत दुकानदाराने आमची सीडी दिव्याखाली धरली आणि उलटीपालटी करून ओरखडे शोधू लागला. मग सीडी सोडून ह्यांच्याकडेच तसा बघायला लागला.

ह्यांची सगळी नोकरी कारखान्याच्या गेटवर गेली. पाळी सुटली की कामगारांच्या पिशव्या, डबे, खिसे तपासायचे. स्वतः मात्र तिथला खिळासुद्धा कधी घरी आणला नाही. कपडे वाळवायच्या दोरीसाठी मी एकदा मागितला, तर बाजारातून विकत आणून दिला. असल्या माणसाला हा कालचा पोर विचारत होता, कॉपी काढून झाली म्हणून परत आणलीत का?

"पैसे परत नकोत. वाजणारी द्या," एवढंच हे म्हणाले.

त्याने वेष्टनावरची मुंगीएवढी अक्षरं दाखवली. कॉम्प्युटरवर चालणार नाही. लोक कॉप्या काढतात म्हणून कंपनीनेच कुलूप घातलंय म्हणे. आणि उघडलेली सीडी बदलून द्यायची नाही, हाही कंपनीचाच हुकूम. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय. मी त्याला चांगलं फैलावर घेतलं. आमच्या घरात गाणी वाजवायला लेकीचा कॉम्प्युटर सोडून काही नाही. आणि त्या सीडीवर, मागे गाणाऱ्या मुलींमध्ये, आमची लेक आहे. एका गाण्यात एक ओळ ती एकटी गाते. सीडी बाजारात आली तेव्हा लेक या जगात उरली नव्हती. हे मात्र मी दुकानात बोलले नाही. त्याला तेही खोटंच वाटलं असतं.

हे पायऱ्या उतरून गेले तसा तो हळूच म्हणाला, "मावशी, बाहेर टपरीवर मिळते. ती कशावरही वाजते."

ह्यांना विचारायची सोयच नव्हती. गल्लीत कुणी नकली सीडी लावली की लेकीचं तोंड सुटायचं, आमच्या पोटावर पाय देता म्हणून. हे तिचीच री ओढायचे. दुसऱ्या दिवशी मी भाजीच्या पिशवीतून टपरीवरची आणली, अस्सल डबीत घातली आणि अस्सल सीडी पिठाच्या डब्यामागे सरकवली.

दुपारी लावली. वाजली. हे खाटेवर उठून बसले.

"आज कशी वाजली?"

"बदलून दिली त्याने."

हे माझ्याकडे बघायला लागले. गेटवर हे पिशवीआधी माणसाच्या तोंडाकडे बघायचे, चोरी तिथेच दिसते म्हणायचे. माझ्या तोंडावर काय दिसत होतं देव जाणे. आता उठून बंद करणार, अशी माझी खात्रीच झाली होती.

तेवढ्यात तिची ओळ आली. शेवटच्या शब्दाला तिला दम कमी पडायचा, म्हणून ती थोडी घाई करायची. इथेही केली होती. लगेच बाकीच्या मुली गायला लागल्या आणि ती त्यांच्यात मिसळून गेली.

ह्यांनी माझ्यावरची नजर काढली आणि भिंतीकडे तोंड केलं.

"परत लाव," म्हणाले.