मावळतीकडे निघालेली छत्री

मी छत्री बोलतेय. काळ्या कापडाची, लांब दांड्याची, वेताच्या वाकड्या मुठीची. आम्हां छत्र्यांचं तोंड आणि अंग एकदमच उघडतं, त्यामुळे एकदा सुरुवात केली की मला आवरत नाही. तेवढं सांभाळून घ्या.

माझा जन्म दापोलीच्या बाजारातला. नसरुद्दीनभाई एका अरुंद दुकानात मांडी घालून छत्र्या बांधायचे. एकेक काडी कापडाला शिवायची, खटका दोनदा वाजवून बघायचा, मगच गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची. मला घेतलं ते हर्णै बंदरातल्या देवीदासनं. देवीदास म्हणजे तांडेल, होडीवरचा मुख्य माणूस. त्यानं मला भर बाजारात उघडून वाऱ्यावर धरलं. मी उलटी झाले, लोक हसले. तो मात्र सावकाश वाऱ्याकडे तोंड करून उभा राहिला, माझं टोक वाऱ्यात धरलं, आणि मी फट्दिशी सरळ झाले.

"छत्री उलटली तर वाऱ्याकडंच जायचं," तो नसरुद्दीनभाईंना म्हणाला. "त्याच्याकडं पाठ करून काय व्हत नाय."

हे त्याचं वाक्य लक्षात ठेवा. त्यानं स्वतः ठेवलं नाही, म्हणून तर मला बोलायची वेळ आली.

पुढची वर्षं बंदरावर गेली. माशांच्या लिलावात मी त्याच्या काखेत असायचे. त्याची बायको लता सुकत घातलेल्या बोंबलांवरून कावळे हाकायला मलाच घ्यायची. एवढ्या कष्टांतही माझं कधी काही बिघडलं नाही. बिघडलं ते परदेशी आल्यावर.

देवीदासचा थोरला मुलगा कुणाल इंजिनियर. कतारमध्ये तेलाच्या कंपनीत आहे, कामाला दुखानला जातो, दोहाच्या उत्तरेला समैस्मा नावाच्या समुद्राकाठच्या गावात राहतो. त्याला मुलगा झाला, बारशाला आजोबा पाहिजेत म्हणून तिकीट आलं. लताचे गुडघे धरलेले, ती काही निघेना. "ऊन लई हाय म्हणतात. हिला तरी न्या," असं म्हणून तिनं मला बॅगेला बांधलं.

काय सांगू तुम्हाला! इथं पाऊस नाही. ऊन आहे, पण उन्हात माणूस नाही. दोन घरं पलीकडे जायचं तरी लोक गाडी काढतात. गाड्यांना उभं राहायला ताडपत्रीची सावली आहे, पायी चालणाऱ्याला झाडसुद्धा नाही. रस्त्याच्या कडेला चालायला जागा नाही. उंच भिंती, बंद फाटकं आणि पायाखाली भुसभुशीत वाळू. मला चपलांच्या कपाटात कोंबलं आणि दार लावून घेतलं. हर्णैच्या बाजारातून मिरवलेली मी, बुटांच्या वासात दिवस काढायला लागले.

देवीदासची तऱ्हा माझ्यासारखीच. गाव समुद्राकाठचं, पण आल्यापासून त्यानं तिथला समुद्र पाहिला नव्हता. विमानतळावरून आला तो झोपेत. नंतर फिरणं झालं तेही काळ्या काचांच्या गाडीतून, मॉलपर्यंत. "शुक्रवारी जाऊ आबा," असं कुणाल रोज म्हणायचा.

आणि नारळी पौर्णिमा आली.

पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्याशिवाय त्यांच्या घरची होडी निघत नाही. आजवर तो नारळ देवीदासच्याच हातून पडलेला. धाकटा नंदू आता होडी बघतो. त्यानं सकाळी फोनवर सांगितलं, "आबा, सगळ्यांच्या होड्या उद्या पहाटे सुटणार. तुम्ही तिकडून नारळ द्या. तुमचा दिल्याचा निरोप आला की मी काढीन. नाय आला तर नाय काढणार." मागच्या वर्षी मशीन बंद पडून नंदू दोन रात्री समुद्रात भरकटला होता. तो असं का म्हणाला, ते घरात सगळ्यांना कळलं.

देवीदासनं शेंडीचा नारळ मिळवला. खजुराच्या डब्यातला सोनेरी कागद चैत्रालीकडून मागून घेतला आणि नारळाला गुंडाळला. चैत्राली म्हणजे कुणालची बायको. मग तो कुणालची वाट बघत बसला. दुपार कलली तरी कुणाल नाही. फोन आला, "आबा, दुखानलाच अडकलोय, मशीन बंद आहे. शुक्रवारी जाऊ ना. समुद्र कुठं पळून जातोय?"

"समुद्र नाय पळत," देवीदास म्हणाला. "पुनव पळते."

फोन ठेवला, कपाट उघडलं, मला बाहेर काढलं.

चैत्राली बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. "आबा, चालत? इथं कुणी चालत नाही हो!"

"म्हणून तर रस्ता मोकळा हाय."

"मी कुणाला तरी फोन करते. निदान विचारून तरी जा, समुद्र कुठल्या बाजूला ते."

"पोरी, तांडेलाला दर्या कुठं ते विचारायला लावतेस?"

तो बाहेर पडला आणि सरळ मावळतीकडे चालू लागला.

आता तुम्ही कोकणातले असाल तर त्यात तुम्हाला काहीच चूक दिसणार नाही. हर्णैला सूर्य समुद्रात बुडतो. आजाच्या आजानं तेच पाहिलं. कुणालनं दुखानहून पाठवलेल्या फोटोतही सूर्य समुद्रातच बुडत होता. पण दुखान या देशाच्या पश्चिमेला आहे आणि समैस्मा पूर्वेला! इथं दर्या उगवतीकडे. आणि आमचा तांडेल सूर्य डोळ्यांसमोर धरून, दर्याला पाठ दाखवून, तरातरा निघालेला.

मला कळत होतं. कापडाला वारा आधी कळतो. मागून दमट, खारट वारा येत होता आणि माझ्या पोटात शिरत होता. सूर्य अडवायला त्यानं मला पुढं तिरकं धरलं होतं, त्यामुळे मी शिडासारखी फुगले आणि त्याला चुकीच्याच वाटेनं ओढायला लागले. असला संताप मला आयुष्यात आला नव्हता. मी कापड फडफडवलं, खटका खडखडवला. तो म्हणतो कसा, "वारा बेस हाय, लवकर पोचू."

पाण्याचा टँकर शेजारी थांबला. काचेतून एक दाढीवाला डोकावला. हा शहजाद, कुणालच्या घरीही गोडं पाणी पुरवणारा.

"चाचा, इतनी धूप में किधर? बैठो."

"नको नको. इधरही जाना है."

"इधर तो कुछ है ही नहीं!"

"है, है. हमको मालूम है."

शहजादनं कपाळावर हात मारला आणि टँकर हाकला. मला हात असते तर मीही मारला असता.

भिंती संपल्या. घरं संपली. पुढं नुसती वाळू आणि लांबवर मोठ्या रस्त्यावरच्या गाड्यांचा घोंघाट. देवीदासचा सदरा पाठीला चिकटला, ओठ सुकले. नारळाचा सोनेरी कागद घामानं चुरगळला. सूर्य खाली उतरत होता आणि दर्याचा पत्ता नव्हता. तो थांबला. "दर्या आटला का काय?" असं पुटपुटला. त्या आवाजानं मात्र माझा राग थोडा ओसरला. त्याला नंदू दिसत होता, होडीवर बसून फोनकडे बघणारा.

तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला आणि मी उलटी झाले. एक काडी कटकन मोडली. खोटं कशाला बोलू, मी मुद्दाम केलं नाही. पण सांभाळायला धडपडलेही नाही.

आणि त्याच्या हातांनी जुनी रीत पाळली. तो वाऱ्याकडे वळला. माझं टोक वाऱ्यात धरलं. मी मोडक्या काडीसकट सरळ झाले. पण त्याचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. वारा त्याच्या तोंडावर आला होता. त्यानं नाक वर केलं, डोळे मिटले, एकदा वास घेतला, पुन्हा घेतला.

"आयला," तो म्हणाला. "दर्या मागंच ऱ्हायला."

टँकर परत येताना दिसला तेव्हा देवीदासनं मलाच हातासारखं उंच धरून हलवलं.

"शहजादभाई, समंदर—"

"उधर है, चाचा! सीधा उधर! मैं तो तब भी बोल रहा था!" शहजाद दार उघडत ओरडला. "यल्ला, बैठो! ये छाता अंदर लो, आँख फोड़ोगे मेरी!"

किनाऱ्यावर पोचलो तेव्हा पाठीमागे सूर्य घरांच्या भिंतींआड गेला होता. देवीदासनं चपला शहजादच्या हातात दिल्या, नारळ कपाळाला लावला, पाण्यात उतरला आणि नारळ सोडला. नारळ परत आला. वारा किनाऱ्याकडे येणारा, पाणी उथळ. पुन्हा सोडला, पुन्हा पायाशी. आणखी आत गेला, पाणी गुडघ्याच्या वर येईना.

"चाचा, बस! आगे मत जाओ!" शहजाद चपला हलवत ओरडत होता.

मग देवीदासनं मला पुढं केलं. माझ्या टोकानं नारळ ढकलत, एकेक पाऊल टाकत, तो कमरेएवढ्या पाण्यात गेला. कतारला आल्यापासून मी पहिल्यांदा भिजले, आणि तेही खाऱ्या पाण्यानं. ओहोटी लागली होती. तिथं नारळानं एक गिरकी घेतली आणि पाण्याबरोबर बाहेर जाऊ लागला. त्याच्यापलीकडे, पाण्यातूनच, चंद्र वर येत होता. हर्णैला चंद्र डोंगराआडून येतो. असा दर्यातून निघालेला देवीदासनं कधी पाहिला नव्हता. तो हात जोडून उभा राहिला. मी त्याच्या काखेत गळत होते.

शहजादनं आपल्या फोनवरून नंदूला लावून दिलं.

"नारळ दिला रे. काढ व्हडी."

"काढतो आबा," नंदू म्हणाला. "उशीर केलात. इथं चंद्र कवाचा वर आलाय."

"इथला दर्याच उलटा हाय, त्याला मी काय करू?"

ऐकलंत? दर्या उलटा! याची चूक काहीच नाही!

आता मी पुन्हा चपलांच्या कपाटात आहे. काड्यांना गंज चढतोय, कापडावर मिठाचे पांढरे डाग आहेत. कुणाल म्हणाला, "आबा, ही टाकून द्या, नवी घेऊ." देवीदासनं जाळं शिवायचा धागा बॅगेतून काढला आणि दारात बसून माझी मोडकी काडी बांधली. नंदू होडी भरून परत आल्याचा फोन आला, तेव्हा शेवटची गाठ चालू होती.

माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. परक्या गावात पायी निघालात तर वाट विचारा. विचारल्यानं कुणाची मिशी उतरत नाही. आणि विचारायचंच नसेल, तर सोबत एखादी जुनी छत्री तरी ठेवा. तिची एखादी काडी मोडेल, पण ती तुम्हाला वाऱ्याकडे वळवेल.

कुणीतरी दार उघडतंय. चप्पल घालतोय. पुन्हा निघाला वाटतं देवीदास, एकटाच. जाते. हा अजूनही कुणाला विचारणार नाही.