पिल्लांच्या खोलीचं माप

भिंतीवरच्या पाटीवरचा ओलीचा आकडा घसरत होता, आणि भावजी आकड्याकडे न बघता माझ्याकडे बघत होते.

"वहिनी, पुन्हा उतरला."

"दिसतंय. मलाही डोळे आहेत."

माझं बोलणं मुळातच तिखट. भीती वाटली की आणखी तिखट होतं, आणि त्या दुपारी मला फार भीती वाटत होती. आमचा धंदा अंडी उबवण्याचा. अंडी आधी मोठ्या खोलीत उबेला असतात आणि शेवटच्या दिवसांत शेजारच्या लहान खोलीत येतात. तिला आम्ही पिल्लांची खोली म्हणतो. तिथे ऊब तर हवीच, पण हवेत ओलही भरपूर हवी. पिल्लू चोचीने कवच फोडायला लागलं आणि नेमकी तेव्हाच हवा कोरडी पडली, तर आतला पापुद्रा वाळून त्याच्या अंगाला चिकटतो. मग त्याला ना पुढे येता येत, ना मागे जाता येत. आतल्या आत गुदमरून जातं बिचारं. दाराच्या काचेतून वरचा ट्रे दिसत होता, तिथल्या निम्म्या अंड्यांना टवके पडले होते. आणि बाहेर तोंड भाजून काढणारा कोरडा वारा सुटला होता.

यंत्र मी निवडलेलं होतं. अंड्यांची खेप गेली असती तर खापर माझ्याच डोक्यावर फुटलं असतं.

जुन्याचं सांगायचं तर हीटर वेगळा, गार हवेचं मशीन वेगळं, पाण्याचे फवारे वेगळे. तिघांचं एकमेकांशी कधी पटलं नाही, अगदी घरातलीच माणसं जणू. ते शेवटच्या घटका मोजायला लागलं तेव्हा भावजी म्हणाले, तसलंच पुन्हा बसवू, हातात बसलेलं आहे. मी म्हटलं, नाही. ऊब, गारवा, ओल, तिन्ही सांभाळेल असं एकच यंत्र घेऊ, आणि कंपनीच्या माणसाकडून रीतसर माप काढून घेऊ. घरात बरेच दिवस धुसफूस चालली. नवऱ्याने नेहमीप्रमाणे पिल्लांची गाडी काढली आणि गिऱ्हाइकांचं निमित्त करून पळ काढला. शेवटी सासरे म्हणाले, "सूनबाई म्हणते तसं करा." विषय संपला. धंदा त्यांनी उभा केलेला, आणि अंडं हातात कसं धरायचं इथपासून मला शिकवलं तेही त्यांनीच.

कंपनीच्या माणसाला आम्ही मापवाला म्हणायचो. त्याने पिल्लांच्या खोलीत छोट्या डब्या लटकवल्या. खोलीतली ओल किती टिकते, किती लागते, हे त्या डब्या खेपभर टिपत राहिल्या. ती खेप इतकी छान निघाली की आम्ही त्याला मापवाल्याचा पायगुण म्हणालो. त्या आकड्यांवरून त्याने यंत्र ठरवलं. "पुरून उरेल," म्हणाला.

आणि आता पुरत नव्हतं.

भावजींनी पाण्याची बादली उचलली. "दार उघडा. जमिनीवर पाणी मारतो. पूर्वी हेच करायचो ना आपण?"

"दार उघडलं तर आहे तीही ओल जाईल."

"मग काय तुमच्या यंत्राचं तोंड बघत बसायचं?"

मी मापवाल्याला फोन लावला. त्याचा आवाज इतका शांत, की मला आणखीच राग आला. "ताई, यंत्र पूर्ण जोराने वाफ सोडतंय, मला इथे पडद्यावर दिसतंय. तुमच्याकडे कुठून तरी बाहेरची हवा शिरतेय. मी उद्या सकाळी येतोच, पण तोवर शोधा."

शोधा म्हणे. दाराच्या रबरावरून मी बोटं फिरवली. छताचे सांधे बघितले. आकडा हळूहळू वर चढत होता, तेवढ्याने जरा धीर आला म्हणून मागच्या बाजूला जाऊन यंत्राच्या हवेची पत्र्याची नळी तपासली. सगळं घट्ट होतं. परत आले तर आकडा पुन्हा धाडकन खाली.

"दार कोणी उघडलं?"

"कोणी नाही," भावजी म्हणाले.

"कोणीच नाही?"

"नाही हो. बाबा फक्त आत जाऊन आले."

मी सासऱ्यांकडे बघितलं. ते दाराशेजारी आपल्या स्टुलावर बसले होते, हात मांडीवर ठेवून. ते असेच बसतात. मग उठतात, आत जातात, ट्रेला कान लावून अंड्यांच्या आतली चिवचिव ऐकतात, बाहेर येतात, बसतात, पुन्हा उठतात. पिल्लं निघायच्या दिवसांत दिवसभर हेच. आणि घरात ते कोणी मोजतच नाही. बाबा आत गेले म्हणजे दार उघडलं, असं आम्हाला कुणालाच कधी वाटलं नव्हतं, मलासुद्धा.

"बाबा, त्या मापवाल्याच्या डब्या टांगल्या होत्या, तेव्हा तुम्ही आत जात होतात?"

"मी?" त्यांना रागच आला. "छे! परका माणूस माप घेतोय, डब्या सगळं टिपतायत, आणि मी आपली शोभा करून घेऊ? कामाच्या माणसांनाही बजावलं होतं, गरज नसताना दाराला हात लावायचा नाही. मी स्वतः अंगणात जाऊन बसायचो. जीव नुसता टांगणीला लागायचा, पण एकदाही आत गेलो नाही."

किती अभिमानाने सांगितलं त्यांनी! पाहुणे यायचे म्हटलं की आपण पसारा पलंगाखाली ढकलतो, तसं त्यांनी स्वतःलाच अंगणात ढकललं होतं. मापवाल्याने जिचं माप घेतलं ती खोली आमची नव्हतीच. तिच्यात बाबा नव्हते. जुने फवारे धसमुसळे होते, पाण्याचा नुसता राडा करायचे, म्हणून त्यांना बाबांचं आत-बाहेर करणं पचायचं. हे नवीन जेवढ्यास तेवढं.

आता बोलायला हवं होतं, आणि जीभ उचलेना. मी, जिची जीभ घरात सगळ्यांत लांब!

"बाबा, पिल्लं बाहेर येईपर्यंत तुम्ही आत जायचं नाही."

ते उठून उभे राहिले. "एकदाच जाऊन येतो. वरच्या ट्रेमधली गप्प झालीत."

"नाही."

"अगं, ऐकल्याशिवाय मला कसं कळणार?"

"वहिनी," भावजी मध्ये पडले, "बाबांना अडवणार तुम्ही?"

मी दाराला पाठ लावून उभी राहिले. ज्यांनी मला या खोलीत पहिल्यांदा हाताला धरून आणलं, त्यांची वाट मी अडवून उभी होते. बाबा माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते बाजूला झाले आणि भिंतीला कान लावून उभे राहिले. नव्या यंत्रासाठी आम्ही भिंतीला आतून फोमचा जाड थर मारून घेतला होता.

"काहीच ऐकू येत नाही," ते म्हणाले.

दार बंद राहिलं. आकडा मुंगीच्या पावलांनी चढला आणि चढून राहिला. भावजींनी बादली ठेवून दिली. संध्याकाळपर्यंत आम्ही तिघं तिथेच बसून राहिलो. मग काचेतून खालच्या ट्रेमध्ये एक ओलं डोकं हललं, आणि भावजींच्या तोंडून नुसता "हां" निघाला. बाबा उठले नाहीत.

सकाळी पिल्लं काढायची वेळ झाली, तोवर मापवाला येऊन पोचला होता. मी दार उघडलं. खालचे ट्रे नुसते गजबजलेले, पिवळे, कलकलाट करणारे. खेप वाचली होती. पण दाराजवळचा वरचा ट्रे गप्प होता. टवके पडलेली अंडी तशीच, कुठे कुठे चोचीचं टोक बाहेर आलेलं, आणि हालचाल काही नाही. बाबांनी एक अंडं उचललं. अंगठ्याने पापुद्रा सोडवायला गेले, तर तो कागदासारखा कडक झालेला.

"ही मी मारली," ते म्हणाले.

खोटा धीर चालवून घेणाऱ्यांतले ते नाहीत.

मापवाल्याने घसा साफ केला. "झालं ते झालं. वाफेचा भाग मोठा बसवता येईल. फक्त आता मला खरं सांगा, हे दार दिवसातून किती उघडतं?"

भावजी जमिनीकडे बघायला लागले. बाबांनी अंडं ट्रेमध्ये ठेवलं, अगदी हळू, जसं ते अजून जिवंत असावं. "उघडत नाही," ते म्हणाले. "आहे तेच यंत्र राहू द्या. दाराला कुलूप घाला आणि किल्ली सूनबाईकडे द्या."

"ते खोटं बोलतायत," मी म्हणाले.

आमच्या घरात बाबांना असं आजवर कोणी म्हणालं नव्हतं. भावजींनी दचकून वर बघितलं.

"दार दिवसभर उघडतं," मी मापवाल्याला म्हटलं. "आमच्याकडे एक म्हातारे आहेत. ते सारखे आत जातात, पिल्लांचं ऐकतात आणि बाहेर येतात. त्यांना धरून माप घ्या. आधी धरायचे राहिले."

"वेडी आहेस का तू?" बाबांचा आवाज चढला. "माझे असे किती दिवस राहिलेत? मी गेल्यावर एवढं मोठं यंत्र कशाला लागणार आहे तुम्हाला?"

"तेव्हा मी जाईन की आत, ऐकायला," मी म्हणाले, आणि तो गप्प ट्रे उचलून बाहेर चालू लागले, कारण मला रडताना कोणी बघितलेलं खपत नाही.