फुली दाबायची नाही

ऑफिसात त्याला सगळे खुसपटकाका म्हणत. वय जेमतेम पस्तिशीचं, पण दुसऱ्याने मेहनतीने बांधलेल्या कामात भोक शोधायचं, हाच त्याचा पगारी धंदा. भोक सापडल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरायचा, तो पाहून कुणाचंही डोकं फिरावं. मधलीचं तर रोज फिरायचं. तीन भावंडांतली मधली म्हणून घरी तिचं नावच मधली पडलं होतं. आणि फळा तिने बांधला होता.

फळा म्हणजे त्यांच्या कंपनीचं ॲप: चार जणांनी चार ठिकाणी बसून एकाच पानावर लिहायचं, चित्रं काढायची, चिठ्ठ्या डकवायच्या. प्रत्येकाचा रंगीत बाण पानावर फिरताना बाकीच्यांना दिसायचा.

"मॅडम, तुमच्या फळ्यावरून एखाद्याला काढलं ना," खुसपटकाका एकदा तिच्या टेबलाशी येऊन म्हणाला, "तरी तो आतच असतो."

"कसा असेल? पान उघडायला गेला की परवानगी नाही म्हणून सांगतो की."

"उघडायला गेला तर. पण ज्याने बंदच केलं नाही त्याचं काय? तुमचा पहारेकरी फक्त दारात पास बघतो. आत बसलेल्याला कुणी विचारतच नाही. लाइन तुटली तरी जुन्याच पासावर परत जोडून घेतो. त्याचा बाण कुणाला दिसत नाही, त्याने लिहिलेलं कुणापर्यंत पोचत नाही, पण त्याला मात्र सगळं दिसतं."

मधलीला ते चटकन कळलं, आणि कळलं म्हणूनच जास्त राग आला. दुरुस्त करायचं तर मुळापासून उकरावं लागणार होतं. "अरे, महिनोन् महिने एकच पान कोण उघडं ठेवतं? असा माणूस दाखव मला," असं म्हणून तिने ती तक्रार 'सवडीने' या खान्यात ढकलली. त्या खान्यात गेलेलं काम सहसा परत वर येत नसे.

तिचे बाबा शाळेत चित्रकला शिकवायचे. आई गेल्यापासून घरात एकटेच होते. बाथरूममध्ये त्यांचा पाय घसरला, तेव्हा दादाने फळ्यावर घराचा आराखडा टाकला. कुठे धरायला दांडी लावायची, कुठला उंबरा काढायचा, हे ठरवायला तिघं भावंडं रोज संध्याकाळी त्या पानावर जमू लागली. बाबांनाही बोलावलं. मधलीने त्यांना टॅबलेट आणून दिला, पान उघडून दिलं आणि दम भरला, "नुसतं बघायचं आणि बोटाने काढायचं. बाकी काही दाबायचं नाही. ही कोपऱ्यातली फुली तर अजिबातच नाही. नाहीतर सगळं जाईल आणि मला कामं टाकून धावत यावं लागेल."

लेकीला धावत यावं लागू नये म्हणून बाबांनी तो टॅबलेट खिडकीत उभा केला आणि कायमचा चार्जिंगला लावला. दांडी राहिली बाजूला, त्यांनी आधी आपल्या ब्रशांसाठी एक कपाट काढलं, तेही थेट बाथरूमच्या दारात. पोरं पोट धरधरून हसली.

मग एक दिवस दादाचा मधलीला फोन आला. "दांड्या लावून काय होणार? उद्या परत पडले तर? त्यांना एकटं ठेवणंच चूक आहे. पण हे त्यांच्यासमोर कसं बोलणार? आधी बाबांना फळ्यावरून काढ."

मधलीने काढलं. बाबांच्या नावावर बोट टेकवलं, चुटकीसरशी काम झालं, आणि मग तिघांच्याही जिभा सैल सुटल्या. दादाने चिठ्ठी डकवली, आमचं घर केवढंसं, त्यात मुलांच्या परीक्षा. धाकटीने लिहिलं, सासूबाई आहेतच, दोघांना एका घरात ठेवलं तर मीच पळून जाईन. मधलीकडे एक खोली रिकामी होती आणि सबब एकही नव्हती. तिने लिहिलं, 'मला नाही जमणार. बाबा दिवसभर बोलत बसतात, माझं काम होणार नाही.' त्याखाली धाकटीने हसरा चेहरा लावला. पुढे त्याच पानावर वृद्धाश्रमांचे फोटो आले, त्यातला एक पसंतही झाला. बाबांना सांगायचं कुणी, इथे मात्र गाडी अडली. जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवू लागला.

सांगायची वेळच आली नाही. बाबांनीच फोन करून जाहीर केलं, "मी वृद्धाश्रमात जायचं ठरवलंय. तिथे माझ्या वयाची माणसं असतील, बरं पडेल." तिघांनी हुश्श केलं. येत्या रविवारी जायचं ठरलं.

मधलीला आणखी एका गोष्टीचं बरं वाटत होतं. पूर्वी बाबांचा फोन शेजाऱ्यांच्या मांजरापासून सुरू व्हायचा आणि भात करपेपर्यंत संपायचा नाही. हल्ली ते "बरी आहेस ना? ठेवतो, तुझं काम असेल," एवढंच म्हणायचे. बाबा आता समजूतदार झालेत, असं ती नवऱ्याला कौतुकाने म्हणालीसुद्धा.

त्याच आठवड्यात एका गिऱ्हाइकाने साहेबांना फैलावर घेतलं. त्यांनी नोकरीवरून काढलेला माणूस घरबसल्या त्यांची सगळी खलबतं वाचत होता. 'सवडीने'तलं काम एका उडीत वर आलं. खुसपटकाकासमोर मान खाली घालून मधलीने दुरुस्ती केली. आता कुणाला काढलं की तो त्याच क्षणी बाहेर. आधी काढलेले जे कुणी आत बसून राहिले होते, तेही दुपारी एका झटक्यात बाहेर गेले.

तिने पाणी प्यायला बाटली उघडली, तोच फोन वाजला.

"अगं, पान गेलं," बाबांचा आवाज घाबराघुबरा झाला होता. "परवानगी नाही म्हणतंय. मी काही दाबलं नाही हं. फुलीला तर हातसुद्धा लावला नाही."

"कुठलं पान, बाबा?" ठाऊक असूनही मधलीने विचारलं.

"घराचं. आपलं."

"तुम्ही... रोज बघत होता?"

"संध्याकाळी बघायचो. तुम्हा तिघांचे बाण आले की सगळे घरी आल्यासारखं वाटायचं. धाकटीचा सारखा इकडून तिकडे. तुझा एका जागी, लहानपणी बसायचीस तसा." मग घाईघाईने म्हणाले, "लिहिलेलं सगळं काही मी वाचत नव्हतो."

बाबांना खोटं बोलणं कधीच जमलं नव्हतं. मधलीला शरमेने मान वर करवेना. स्वतःच्या हाताने तिने त्यांना बाहेर काढलं होतं, आणि स्वतःच्याच आळसाने आत ठेवलं होतं.

"बाबा, रविवारी जायचं नाही. तुम्ही माझ्याकडे या. खोली रिकामी आहे."

"नको गं. मी बोलत बसतो."

त्या बोलण्यात राग नव्हता. चष्म्याचा नंबर सांगावा तसं त्यांनी सांगितलं.

"बाबा, ते मी उगाच..."

"मी लिहिलं होतं त्याच्याखाली, कमी बोलीन म्हणून. तुम्ही कुणीच काही म्हणाला नाहीत. मग मी काय ते समजलो."

ते लिहिलेलं का पोचलं नाही, हे मधलीइतकं कुणाला ठाऊक असणार? पण ते आता बाबांना सांगून तरी काय उपयोग होता?

"बरं, ठेवतो. तुझं काम असेल."

"काही काम नाही. ठेवू नका, बाबा. बोला ना. शेजारच्या मांजराचं काय झालं?"

मधली फोन कानाशी घट्ट धरून बसली.

"मांजर ना," बाबा म्हणाले. "बरं आहे."

आणि पुढे त्यांना काही सुचेना.