शेवटचा व्हॉल्व्ह

राग माझ्या नाकावर असतो, हे मला कुणी सांगायला नको. जलशुद्धीकरण केंद्राच्या कंट्रोल सिस्टिमचं काम माझ्या गळ्यात पडलं, तेव्हा ऑफिसातले म्हणाले, बरं झालं, हिच्यापुढे कुणाची टाळाटाळ चालायची नाही. पंप, व्हॉल्व्ह, टाक्यांतली पातळी, सगळं एका खोलीत बसून स्क्रीनवरून चालवायचं. प्रोग्रॅम लिहिणारे, वायरी ओढणारे आणि रोज उठून नवं काहीतरी मागणारं गिऱ्हाईक, या सगळ्यांना हाकत तारखेला काम संपवायचं, ही माझी नोकरी. आजवर माझी तारीख कधी चुकली नव्हती. हे काम मात्र मला संपवायचंच नव्हतं. कारण प्रोग्रॅम लिहिणारा माझा नवरा होता, आणि हे काम संपलं की वेगळं व्हायचं असं आमचं ठरलं होतं.

भांडण म्हणावं असं मोठं काही झालं नव्हतं. "घरी आलो तरी मी कामावरच असतो," तो एकदा जेवताना म्हणाला. "भाजी खारट, टॉवेल ओला, फोन का नाही केलास. तुझ्या तोंडून माझ्या चुका सोडून दुसरं काही ऐकल्याचं आठवत नाही मला."

"मग चुका करू नकोस," मी म्हटलं. झालं! पुढे दोघांनी शहाण्या माणसांसारखं समोरासमोर बसून सगळं ठरवलं. शहाणी म्हणे!

आमची ओळख वॉकी-टॉकीवर झाली होती. तपासणीच्या वेळी एकजण कंट्रोल रूममध्ये बसतो, दुसरा बाहेर व्हॉल्व्हपाशी उभा असतो. तिथे माझा एकच नियम: जे ऐकलं ते परत म्हणायचं, मगच हात लावायचा. उगाच गैरसमजात कुणाची बोटं जायला नकोत. पहिल्या दिवशी मी म्हटलं, "उघडा." पलीकडून आवाज आला, "उघडा. ऐकलं." इतका शांत आवाज, की मी काही कारण नसताना तो व्हॉल्व्ह पुन्हा पुन्हा उघडायला लावला. लग्नानंतर घरातही आमचा तोच खेळ चालायचा. मी ओरडायचे, "येताना दूध आण!" जिन्यातून उत्तर यायचं, "येताना दूध आण. ऐकलं." आणि दूध यायचंच. ऐकलं म्हटलं आणि केलं नाही, असं त्याच्याकडून कधी झालं नाही.

तर काम संपत आलं आणि मी बारीकसारीक गोष्टींचा कीस काढायला लागले. तीन नंबरच्या पंपाचा हिरवा रंग फार गडद दिसतो. त्याने बदलला. आता फारच फिका झाला. त्याने पुन्हा बदलला. अलार्मचा आवाज कर्कश आहे. अहो, अलार्म कर्कशच असायला हवा, हे शेंबड्या पोरालाही कळतं! पण तो मुकाट्याने मान खाली घालून बसायचा आणि सांगितलेलं करायचा. गिऱ्हाइकाचा शिफ्ट सुपरवायझर, ज्याला आम्ही त्याच्या पाठीमागे फौजदार म्हणायचो, तोसुद्धा शेवटी वैतागला.

"मॅडम, काम ताब्यात घेणारा मी. मला ते पसंत आहे. आणि देणाऱ्या तुम्हीच खुसपटं काढत बसलाय? असं कुठे असतं का?"

"मला अर्धवट काम चालत नाही," मी म्हटलं. माणूस किती खोटं बोलतो, आणि किती रुबाबात बोलतो!

त्या दिवशी दुपारी कॅन्टीनमध्ये नवरा चहा घेऊन माझ्यासमोर येऊन बसला.

"पंपाचा पहिला रंगच बरोबर होता," तो म्हणाला.

"माहितीये मला."

"मलाही माहीत होतं."

"मग बोलला का नाहीस? तोंड शिवलं होतं का तुझं?"

त्याने कप बशीत गोल फिरवला. "वाट बघत होतो. म्हटलं, रंग संपतील, आवाज संपतील, मग कधीतरी हिच्या तोंडून दुसरं काही निघेल." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "परगावच्या एका साइटवाल्यांनी कामाला बोलावलं होतं, काल हो म्हणून टाकलं. सामान गाडीत आहे. इथलं आटोपलं की निघतो."

आणि अशा वेळी माझ्या तोंडून काय निघावं? "टाकीखालचा व्हॉल्व्ह पुन्हा एकदा तपासायला हवा." जीभ कशी झडली नाही माझी!

त्याने हेल्मेट उचललं. "ठीक आहे," म्हणाला.

कंट्रोल रूममध्ये ताब्याच्या कागदांवर सही करायला फौजदार पेन उघडून उभाच होता. काचेतून टाकी दिसत होती, आणि तिच्या पायथ्याशी तो.

"बंद कर," मी म्हटलं.

"बंद कर. ऐकलं." स्क्रीनवरचा व्हॉल्व्ह लाल झाला. "बंद केलाय. दिसतोय का?"

आता मी दिसतोय म्हटलं, की सगळं संपलं. मी वॉकी-टॉकीच्या बटणावरून बोट काढलं.

"मॅडम, दिसतोय का?" कामावर तो मला मॅडमच म्हणायचा.

"दिसतोय की हो," फौजदार पुटपुटला.

"दिसतोय," मी बटण दाबून म्हटलं, आणि बटण सोडलं नाही. "जाऊ नकोस. मला बोलता येत नाही रे, मला फक्त चुका काढता येतात. पण मला तू हवा आहेस. जाऊ नकोस."

मग बटण सोडलं. फौजदार उगाचच पेनाकडे बघायला लागला. वॉकी-टॉकी नुसता खरखरत राहिला. बाहेर तो माझ्याकडे पाठ करून उभा होता.

"जाऊ नकोस," तो म्हणाला. त्याचा आवाज असा फाटलेला मी कधी ऐकला नव्हता. "ऐकलं."

माझ्या जिवात जीव आला. ऐकलं म्हटलं की तो करतोच! मी डोळे पुसले, फौजदाराकडे बघून हसलेसुद्धा. खाली तो टाकीपासून चालायला लागला होता. आमच्याकडे येणारा जिना डावीकडे होता. तो उजवीकडे वळला, फाटकाकडे. पहारेकऱ्याच्या टेबलावर त्याने हेल्मेट ठेवलं, वॉकी-टॉकी ठेवला. त्यावरचा हात काही त्याला लवकर उचलता येईना. मग तो गाडीत जाऊन बसला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याने ऐकलं आणि केलं नाही.

मी पुन्हा बटण दाबलं होतं, आणि गाडी फाटकाबाहेर पडली तरी ते दाबूनच उभी होते.

"मॅडम," फौजदार हळूच म्हणाला, "सही कुठे करायची?"

मी बोट ठेवून जागा दाखवली.