इथे आल्याचं कळवा

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. कॉफीच्या दुकानात, गल्ल्याजवळ साखरेच्या डब्याला टेकून उभी असते. माझ्यावर लिहिलंय, 'इथे चेक-इन करा, एक कॉफी आमच्याकडून!' शेवटचं उद्गारचिन्ह रंगाऱ्याने स्वतःच्या मनाने काढलं. मला त्याचा अजून अभिमान आहे.

माझा जन्म मोडक्या कपाटाच्या फळीतून झाला. दुकानाच्या मालकीणबाईंना सगळे मावशी म्हणतात. त्यांचा सख्खा भाचा तेव्हा जाहिरातीचं नवंनवं शिकून आला होता. "मावशी, गिऱ्हाइकाने फोनवर नुसतं टाकायचं, मी अमक्या दुकानात आहे. त्याचे सगळे मित्र वाचतात. फुकटात जाहिरात!" मावशींनी फळी काढून दिली आणि मी उभी राहिले.

काय दिवस होते ते! लोक आधी मला वाचत, मग खुर्ची शोधत. भाचा म्हणे, "आज पाटीने कमाल केली!" मी हुरळून जाई.

मग वारं फिरलं. आपण कुठे आहोत हे जगाला सांगणं लोकांना नकोसं झालं. "घराला कुलूप आहे हे चोराला कशाला कळवायचं?" एक बाई म्हणाल्या, आणि त्यांचं चुकलं असं मलाही म्हणता येईना. तरुण मंडळी कॉफीच्या फेसाचे व्हिडिओ काढू लागली. त्यांत मी कुठेतरी मागे, धूसर. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय!

शेवटी माझं ऐकणारे एकटे घड्याळवाले काका उरले. घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद करून ते एकटेच राहत. रोज सकाळी येत, चष्मा लावत, मला मोठ्याने वाचत आणि मुकाट्याने चेक-इन करत. "नियम म्हणजे नियम," असं वर म्हणत. फुकटच्या कॉफीसाठी ही खटपट, असं सगळ्यांना वाटे. खरं सांगते, मलाही वाटे.

एका सकाळी भाच्याने मला उचलून मागच्या खोलीत, फडकी आणि बादल्यांजवळ ठेवलं. काका आल्यावर तो प्रेमानेच म्हणाला, "काका, आता फोन काढूच नका. तुमची कॉफी अशीच." काका खूश झाले. मी मात्र भिंतीकडे तोंड करून रडकुंडीला आले.

थोड्या वेळाने दुकानाचा फोन वाजला. मावशी तो घेऊन माझ्याच खोलीत आल्या. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"मावशी, मी घड्याळवाल्या काकांची मुलगी. बाबा आलेत का हो? आज त्यांचं चेक-इन दिसलं नाही. फोनही उचलत नाहीत."

"अगं, इथेच बसलेत. केक खातायत."

मग ती रडतच बोलू लागली. "बरे आहात ना, असं रोज विचारलं तर चिडतात. मी काय कुकुलं बाळ आहे का, म्हणतात. म्हणून मी काही विचारत नाही. तेवढं चेक-इन बघते आणि कामाला लागते. त्यांना सांगू नका हं."

मावशींनी फोन ठेवला, पदराने माझ्यावरची धूळ पुसली आणि मला पुन्हा साखरेच्या डब्याजवळ उभं केलं.

भाचा म्हणाला, "मावशी, आता या पाटीचा जाहिरातीला काडीचा उपयोग नाही."

"नसू दे. एकीला कळतं ना? पुरे झालं."

काकांनी मला पाहिलं आणि चष्मा लावला. "नियम परत आला वाटतं!" म्हणत त्यांनी खिशातून फोन काढला. दूर कुठेतरी एक मुलगी आता कामाला लागली असेल, असं मनात आलं आणि मला फार बरं वाटलं.

मित्रांनो, एखादी वस्तू अडगळीत टाकण्याआधी बघा, तिच्या आधाराने कोणी निर्धास्त तर नाही ना. आणि कुठे पोहोचलात की घरी कळवत जा. कोणीतरी विचारत नसलं, तरी वाट बघत असतं.