बारावी जागा

बोगद्याच्या हजेरीचा प्रोग्राम तिनंच लिहिला होता, आणि तोही आळशी भाषेत. आळशी म्हणजे काय, तर कुणी विचारल्याशिवाय इकडची काडी तिकडे न करणारी. असल्या भाषेचं कौतुक फक्त तिच्यासारख्या प्रोग्रामरनाच. आपल्या धाकट्या भावाला त्या बोगद्यात कामालाही तिनंच चिकटवलं होतं.

सकाळी माणूस आत गेला की यादीत त्याची जागा तयार व्हायची. बाहेर येताना त्यानं दारावर कार्ड टेकवलं की त्या जागेत नाव बसायचं.

त्या दुपारी मुकादमाचा फोन आला. "मॅडम, आत पाणी फुटलंय. सगळे बाहेर आले का? पाणी अडवायला बोगद्याचं लोखंडी दार लावायचंय."

तिनं यादीची लांबी विचारली. बारा. सकाळी बाराच जण गेले होते. तिचा जीव भांड्यात पडला. "आले सगळे. लावा दार."

मग धाकट्याचं नाव डोळ्यांनी बघावं म्हणून तिनं यादी पडद्यावर छापायला सांगितली. अकरा नावं भराभर उमटली आणि बाराव्या ओळीवर सगळं थांबलं. धाकट्याचं नाव त्या अकरांत नव्हतं.

ही भाषा जागा मोजते, जागेत कोण आहे ते बघत नाही. न आलेला माणूसही तिच्या हिशेबी एक. हे तिला पक्कं ठाऊक होतं, नवख्यांना ती हसत हसत शिकवायची. पण रोज मोजताना सगळे खरोखरच बाहेर आलेले असायचे, म्हणून आकडा कधी चुकला नव्हता.

"दार उघडा! माझा भाऊ आत आहे!"

"आता कसं उघडू, मॅडम? पलीकडे छताला पाणी लागलंय. तुम्हीच म्हणालात ना, सगळे आले?"

तिनं फोन ठेवला. आपणच त्याला मारलं, एवढंच तिला कळत होतं. तेवढ्यात आईचा फोन आला. घर बोगद्यापासून दोन तासांच्या वाटेवर.

"अगं, धाकटा आत्ताच घरी आला. नखशिखांत भिजलाय. दारात पाठमोरा उभा आहे, वळतही नाही, बोलतही नाही. काय झालं म्हणून विचारते त्याला."

पडद्यावर बारावी ओळ अजून कोरीच होती, उत्तराची वाट बघत. तिनं छपाई बंद केली.

"आई, नको," ती म्हणाली. "त्याला काही विचारू नकोस, विचारत नाहीस तोवर तो आलेलाच आहे. तोंडाकडे बघूही नकोस. नुसतं दार लावून घे."