फिक्या हिरव्याचा घोळ

मागच्या खोलीच्या भिंतीवर रंगाऱ्याने दोन पट्टे ओढून ठेवले होते. दोन्ही फिके हिरवे. एकात किंचित पिवळेपणा आहे, दुसऱ्यात किंचित निळेपणा, असं तिच्या नवऱ्याचं म्हणणं. तिला दोन्ही कोबीच्या आतल्या पानासारखे दिसत होते.

खोली तिच्या आईसाठी होती. मांडीचं हाड मोडल्यापासून आई धाकट्या भावाकडे होती, आणि भावाची आता बदली झाली होती. त्याचं सामानही बांधून झालं होतं. ‘खोली रंगली की लगेच आणू त्यांना,’ असं नवऱ्याने मोठ्या मनाने जाहीर केलं, आणि तेव्हापासून रंग काही ठरेना.

सकाळी दात घासताना तो पट्ट्यांसमोर उभा राही. दुपारच्या उजेडात बघायचे म्हणून त्याने अर्धी रजा टाकली. आई पडली तेव्हा मात्र त्याला रजा मिळाली नव्हती. मग नणंद येऊन गेली. तिने डोळे बारीक केले, मान वाकडी केली, दोनदा चहा घेतला आणि दोन्ही छान आहेत असा निकाल दिला. रंगारी विचारून विचारून कंटाळला आणि त्याने दुसरीकडचं काम धरलं.

माणूस चोखंदळ आहे, असं तिने आधी मनाला समजावलं. पण राहतं घर याच माणसाने एकदा बघून घेतलं होतं, तेही दिवे गेलेले असताना. तेव्हा हा चोखंदळपणा नव्हे. तोंडावर नाही म्हणायची छाती नव्हती, म्हणून स्वारी हिरव्याच्या आड दडून बसली होती.

रविवारी तो पुन्हा शेडकार्ड उघडून बसला. या दोन्हींच्या मधला एखादा मिळतो का ते बघू, म्हणाला.

तिने भावाला फोन लावला आणि उद्या सकाळी आईला घेऊन ये म्हणून सांगितलं.

“अगं, एवढी घाई कशाला?” नवरा म्हणाला. “आजारी माणूस. रंगाच्या वासाने त्रास होईल त्यांना.”

“रंग लागलाय कुठे वास यायला?”

त्याने कार्डाची पुढची घडी उघडली.

“ते ठेवा खाली,” ती म्हणाली, “आणि खाटेचं एक टोक धरा.”

त्याने धरलं. खाट कोणत्या भिंतीला लावावी, याबद्दल त्याच्या मनात दोन विचार होते. ते ऐकायला न थांबता तिने खाट खिडकीकडे ढकलली.